देह बदलणारा नायक आणि देह न सोडणारा नायक

मार्च २००५ च्या अखेरीस दूरचित्रवाणीवरील दोन विज्ञानरंजक मालिकांच्या बाबतीत परस्परविरुद्ध घटना घडल्या. २६ मार्चला बीबीसीवर ‘डॉक्टर हू’ ही मालिका पंधरा वर्षांहून अधिक काळाच्या खंडानंतर पुन्हा सुरू झाली. त्याच सुमारास दूरदर्शनवर सप्टेंबर १९९७ पासून चालू असलेल्या ‘शक्तिमान’ने प्रेक्षकांचा निरोप घेतला. दोन्ही मालिका लहान मुलांसाठी म्हणून निघालेल्या, प्रत्यक्षात घरातील सर्वांनी एकत्र बसून पाहिलेल्या. दोन्हींच्या नायकांवर लोकांनी निरतिशय प्रेम केले. पण १९६३ साली जन्मलेला डॉक्टर आजही नवनव्या रूपांत सांगितला जातो आहे, तर शक्तिमान मुख्यतः आठवणीत उरला आहे. असे का व्हावे?

पैशाचे, तंत्राचे, प्रसारण संस्थांच्या धोरणाचे कारण सांगून या प्रश्नाचे उत्तर देता येईल, आणि ते खोटे ठरणार नाही. परंतु साहित्याच्या अभ्यासकाला त्यापलीकडे एक प्रश्न दिसतो, तो कथनाचा. एखादा नायक पिढ्यान्‌पिढ्या टिकतो म्हणजे नेमके काय टिकते? त्याचे नाव, देह, पराक्रम, की त्याला सांगण्याचा अधिकार? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी अमरावती-अकोल्याकडच्या वाचकाला लंडनला जाण्याची गरज नाही. त्याची सामग्री आपल्या वऱ्हाडातच, मराठी गद्याच्या उगमापाशी पडलेली आहे.

१. वऱ्हाडाने शक्तिमान कसा ऐकला

‘ऐकला’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात वऱ्हाडातील गावांत दूरचित्रवाणी संच पुष्कळ झाले होते, तरी घरोघर नव्हते. ज्या घरी संच त्या घरी रविवारी दुपारी अर्धी आळी जमे. भाग रंगात आला असताना वीज गेली, तर उरलेली कथा सोमवारी शाळेत कुणाकडून तरी ऐकावी लागे. आणि सांगणारा स्वतःच्या पदरची भर घातल्यावाचून राहत नसे. रामानंद सागरांच्या ‘रामायणा’ने (१९८७-८८) आणि बी. आर. चोप्रांच्या ‘महाभारता’ने (१९८८-९०) एकत्र बसून पाहणारा जो श्रोतृवर्ग घडवला होता, तोच ‘शक्तिमान’ला आयता मिळाला. त्या ‘महाभारता’तील भीष्म म्हणजेच मुकेश खन्ना. तेच ‘शक्तिमान’चे निर्माते आणि नायकही. त्यांच्या निर्मितिसंस्थेचे नावसुद्धा ‘भीष्म इंटरनॅशनल’. हा तपशील पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

दिनकर जानी यांनी दिग्दर्शित केलेल्या या मालिकेचा नायक अंतराळातून आलेला परका नाही. पंचतत्त्वांतून आणि कुंडलिनीच्या जागृतीतून त्याला सामर्थ्य मिळते. एरवी तो पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री या लांबलचक नावाचा, पुढे आलेल्या दातांचा, वेंधळा छायाचित्रकार असतो. एका बाजूला डॉ. जैकाल हा विज्ञानाचा दुरुपयोग करणारा, दुसऱ्या बाजूला तमराज किलविष हा मूर्तिमंत अंधार, आणि मधोमध योगी. विज्ञानकथा आणि पुराण यांचे हे मिश्रण समीक्षकांना भाबडे वाटले तरी श्रोत्यांना परके वाटले नाही.

अमरावतीत तर ते विशेषच परके वाटले नसावे. १९१४ साली वैद्य बंधूंच्या पुढाकाराने येथे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झाले, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने देशी खेळांची आणि व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके तेथे करून दाखवली. शरीर साधनेने घडते, आणि घडलेले शरीर हे चारित्र्याचे प्रमाणपत्र असते, ही कल्पना या शहराच्या सार्वजनिक जीवनात शतकभर मुरलेली आहे. तिच्याशी शक्तिमानचे नाते सरळ जुळते. त्याचे बळ यंत्राचे नसून तपाचे आहे.

दुसरे नाते कीर्तनाशी आहे. भाग संपल्यावर ‘छोटी छोटी मगर मोटी बातें’ या नावाने शक्तिमान मुलांना चार गोष्टी सांगे. स्वच्छता, खरे बोलणे, पाणी वाया न घालवणे. चुकलेले मूल त्याची क्षमा मागे. शहरी समीक्षेने या भागाची टिंगल केली. पण ज्या प्रदेशात गाडगेबाबांची कीर्तने झाली, तेथे ही रीत जुनी होती. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या आणि अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यास आजोळी वाढलेल्या या कीर्तनकाराने श्रोत्यांना प्रश्न विचारले, त्यांच्याकडून उत्तरे वदवून घेतली, आणि कर्ज, व्यसन, अस्वच्छता यांविषयी त्यांच्याच बोलीत त्यांना खडसावले. कथा आणि उपदेश यांची फारकत ही आधुनिक अभिरुचीची मागणी आहे. कीर्तनाच्या श्रोत्याची ती कधीच नव्हती. म्हणून शक्तिमानचा उपदेश हा कलादोष मानण्याआधी तो कोणत्या परंपरेच्या कानांवर पडत होता, हे पाहिले पाहिजे.

२. अडचणीतून सापडलेली युक्ती

‘डॉक्टर हू’चा आरंभही उपदेशाच्या हेतूनेच झाला, ही गोष्ट सहसा विसरली जाते. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, केनेडी यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, बीबीसीने पहिला भाग दाखवला. शनिवारी सायंकाळी घरातील लहानथोरांनी एकत्र पाहावे असे काही हवे, ही सिडनी न्यूमन यांची कल्पना. निर्मात्या व्हेरिटी लॅम्बर्ट, आणि पहिल्या कथेचे दिग्दर्शक लखनौत जन्मलेले वारिस हुसेन. डॉक्टरसोबत प्रवासाला निघणारी दोन प्रौढ पात्रे मुद्दाम शिक्षकाची योजली होती: एक विज्ञानाचा शिक्षक, एक इतिहासाची शिक्षिका. भविष्यात गेल्यास विज्ञान, भूतकाळात गेल्यास इतिहास शिकवता यावा, असा हिशेब. मुलांनी मात्र पसंती दिली ती राक्षसी यंत्रमानवांना, आणि शिक्षक मागे पडले. हेतू मागे पडला तरी चौकट उरली: बाहेरून पोलिसांच्या निळ्या खोक्याएवढे आणि आत अमर्याद असे यान, आणि त्यातून कोणत्याही काळात, कोणत्याही ठिकाणी जाणारा, शस्त्र टाळणारा, बोलका, विक्षिप्त प्रवासी.

१९६६ साली या नायकावर संकट आले ते कथेबाहेरचे. विल्यम हार्टनेल या ज्येष्ठ नटाची प्रकृती ढासळली. मालिका बंद करणे किंवा तोच डॉक्टर असल्याचे भासवत दुसरा नट मुकाट्याने उभा करणे, हे दोन मार्ग समोर होते. निर्मात्यांनी तिसरा काढला. डॉक्टर हा मुळात मनुष्य नाहीच. त्याचा देह जीर्ण झाला की तो नवा धारण करतो, असे कथेतच सांगून टाकले. हार्टनेल पडद्यावर कोसळले आणि त्यांच्या जागी पॅट्रिक ट्राउटन उठून बसले. चेहरा वेगळा, वय वेगळे, स्वभावही बराच वेगळा. नाव तेच, स्मृती त्याच. या घटनेला पुढे रूढ झालेले पुनर्जननाचे नाव मिळायलाही १९७४ साल उजाडावे लागले. म्हणजे आधी गरज, मग कृती, आणि शेवटी सिद्धान्त.

या एका युक्तीने मालिकेला दीर्घायुष्य दिले असे म्हणण्याचा प्रघात आहे. ते खरेच, पण अपुरे. नट बदलल्याने मालिका चालू राहू शकते. तिच्यावरचे प्रेम का चालू राहते, हे त्यातून उलगडत नाही. प्रत्येक बदलाच्या वेळी प्रेक्षकाला एक लहानसा मृत्यू सोसावा लागतो. आपला डॉक्टर गेला, हा नवा कोण, ही रुखरुख मालिकेने लपवली नाही. ती तिने विषयच करून टाकली. त्यामुळे बापाचा डॉक्टर वेगळा, मुलीचा वेगळा, आणि तरी दोघे एकाच नायकाविषयी भांडू शकतात. २०१७ मध्ये जोडी व्हिटेकर यांच्या रूपाने डॉक्टर स्त्री झाला, तेव्हा वाद झाले. पण ते मालिकेच्या नियमाबाहेर काही घडले म्हणून नव्हेत. २०२३ ते २०२५ या काळात रवांडात जन्मलेले शूटी गाटवा डॉक्टर झाले. २०१८ मधील ‘डीमन्स ऑफ द पंजाब’ या विनय पटेललिखित भागात तर डॉक्टर थेट १९४७ च्या फाळणीत येऊन पोहोचला, आणि तेथे त्याला, म्हणजे तिला, इतिहास बदलता आला नाही. देह बदलण्याची मुभा मिळाली की कथेला नवे प्रश्न विचारण्याचीही मुभा मिळते, ती अशी.

३. रिद्धपूरची साक्ष

एकच व्यक्ती देह टाकून दुसरा देह धारण करते, आणि कथन अखंड राहते, ही कल्पना मराठी वाचकाला नवी आहे काय? अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरचे नाव घेतले की उत्तर मिळते. महानुभाव परंपरेनुसार द्वारावतीचे श्रीचांगदेव राऊळ यांनी आपल्या देहाचा त्याग केला आणि भडोचच्या प्रधानाचा मृत पुत्र हरिपाळदेव याच्या देहाचा स्वीकार केला. तेच पुढे रिद्धपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या भेटीने श्रीचक्रधर झाले. हा श्रद्धेचा विषय आहे, आणि दूरचित्रवाणीच्या नायकाशी त्याची बरोबरी करण्याचा येथे यत्किंचितही हेतू नाही. पाहायचे आहे ते कथनाचे व्याकरण. देह बदलला तरी चरित्र तुटत नाही हे स्वीकारण्याची सवय आपल्या भाषेतील पहिल्या मोठ्या गद्यग्रंथाच्या वाचकांना सातशे वर्षांपूर्वीपासून आहे.

त्या ग्रंथाची पुढील कहाणी आपल्या विषयाच्या आणखी जवळची आहे. चक्रधरांच्या उत्तरापंथे गमनानंतर म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून, ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले-ऐकले त्यांच्याकडून आठवणी गोळा केल्या, आणि शके १२०० च्या सुमारास रिद्धपुरी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली. मग पंथीयांनी ती पाठांतरातून, आपापल्या स्मरणातून पुन्हा उभी केली. म्हणूनच तिचे पिढीपाठ, हिराइसा पाठ असे निरनिराळे पाठ निर्माण झाले, आणि वि. भि. कोलते यांच्यासारख्या वऱ्हाडात जन्मलेल्या संशोधकाला १९७८ च्या आपल्या संपादनासाठी कित्येक पोथ्या पडताळाव्या लागल्या. ग्रंथ वाचला तो ऐकणाऱ्यांच्या स्मरणामुळे.

आता विसाव्या शतकातील लंडनकडे वळू. साठ-सत्तरच्या दशकांत बीबीसीने जागा वाचवण्यासाठी आणि फिती पुन्हा वापरण्यासाठी जुने कार्यक्रम पुसून टाकले. ‘डॉक्टर हू’चे नव्वदहून अधिक भाग दृश्यरूपात नष्ट झाले. काही परदेशांत विकलेल्या प्रतींतून सापडले. २०१३ साली नायजेरियातून नऊ भागांच्या प्रती हाती आल्या. पण गंमत अशी की हरवलेल्या प्रत्येक भागाचा ध्वनी मात्र उपलब्ध आहे. कारण प्रसारणाच्या वेळी मुलांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर संचासमोर तो मुद्रित करून ठेवला होता. संस्थेने जे फेकले ते श्रोत्यांनी सांभाळले. त्या ध्वनीवर आता चित्रे रचून काही भाग पुन्हा दाखवले जातात. म्हणजे पाठ तोच, दृश्य नव्या हाताचे.

दोन घटनांचे मोल आणि पातळी यांत अंतर आहेच. साम्य एवढेच, की पोथी नाहीशी होऊनही जिचे श्रोते स्वतःला तिचे राखणदार समजतात ती कथा मरत नाही.

४. ऐकणाऱ्याने सांगणारा होणे

राखणदारीची पुढची पायरी म्हणजे सांगण्याचा अधिकार हाती येणे. १९७३ पासून ‘टार्गेट’ या प्रकाशनाने डॉक्टरच्या कथा स्वस्त पुस्तकरूपात आणल्या. त्यांतील अनेक टेरन्स डिक्स यांच्या साध्या, वेगवान गद्यात आहेत. गेलेला भाग पुन्हा पाहण्याचे साधन घरी नव्हते, त्या काळात मुलांनी ही पुस्तके वाचून न पाहिलेली मालिका मनात पाहिली. १९८९ साली प्रसारण थांबले. १९९१ पासून नव्या कादंबऱ्या निघू लागल्या, आणि त्या लिहिणाऱ्यांत लहानपणी ही मालिका पाहिलेले कितीतरी जण होते. १९९६ साली अशी एक कादंबरी लिहिणारे रसेल टी. डेव्हिस यांनीच २००५ मध्ये मालिका पुन्हा उभी केली. त्यांच्यानंतरचे नटही बालपणापासूनचे निस्सीम चाहते निघाले: डेव्हिड टेनंट आणि पीटर कपाल्डी. म्हणजे खंडाच्या पंधरा वर्षांत नायक पडद्यावर नव्हता, तरी त्याचे सांगणे थांबले नव्हते. कीर्तनात टाळ धरून मागे उभा राहणारा मुलगा उद्या पुढे येऊन उभा राहतो, तसेच हे.

याच्याशी शक्तिमानची तुलना करू. स्मरणाच्या बाबतीत तो कुठेही उणा नाही. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत दूरदर्शनने मालिका पुन्हा दाखवली, तेव्हा एकेकाळी शेजारच्या ओसरीवर बसून ती पाहणाऱ्यांनी ती आपल्या मुलांना मांडीवर घेऊन दाखवली. गंगाधरचे नाव एका दमात म्हणून दाखवणारे आजही भेटतात. त्याला नव्याने सांगण्याचे प्रयत्नही झाले. २०११ मध्ये अनुप्राणित मालिका निघाली. २०१३ मधील दूरचित्रपटात पुन्हा मुकेश खन्नाच शक्तिमान होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये मोठ्या पडद्यावरील चित्रपटाची घोषणा झाली. त्यानंतर चर्चा रंगली ती कथा कोणती असेल याची नव्हे, शक्तिमान कोण होणार याची. खन्ना यांनी सुचवल्या गेलेल्या लोकप्रिय नटाच्या नावाला जाहीर विरोध केला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये स्वतःच तो पोशाख चढवून परतण्याची घोषणा केली.

भीष्माची भूमिका आठवते ती येथे. इच्छामरणाचा वर लाभलेला तो पितामह सिंहासनाचे रक्षण करतो, पण त्याच्या रक्षणाखाली कुणी नवा राजा सुखाने उभा राहत नाही. खन्ना यांची बाजू मात्र सहज झटकून टाकण्यासारखी नाही. शक्तिमान म्हणजे त्यांच्या मते केवळ पोशाख नव्हे. त्या भूमिकेमागे आचरणाची शिस्त हवी. तप हाच ज्या नायकाचा अर्थ, त्याचा देह सहज बदलता येत नाही, कारण तेथे देह हाच अर्थाचा पुरावा असतो. डॉक्टरचा देह अंगरख्यासारखा आहे; शक्तिमानचा देह साधनेचे फळ आहे. नायकाच्या या दोन कल्पना वेगळ्या आहेत: एक बहुरूप्याची, दुसरी साधकाची. बहुरूप्याच्या नियमाने साधकाला दोष देणे अन्यायाचे होईल.

५. वस्ताद आणि शागीर्द

तरीही एक प्रश्न उरतो, आणि तो साधकाच्याच परंपरेतून विचारता येतो. आखाड्यात वस्तादाचा देह अमर असतो काय? तेथे देहाला सर्वाधिक मान आहे, आणि म्हणूनच तो थकणार हे सर्वांत आधी तेथेच कळते. वस्ताद डाव शिकवतो, शागीर्द तयार करतो, आणि एके दिवशी मातीबाहेर बसून त्याची कुस्ती पाहतो. अमरावतीचे व्यायाम मंडळ शंभर वर्षांहून अधिक काळ चालले ते संस्थापकांच्या दंडांवर नव्हे, त्यांनी तयार केलेल्या शिष्यांवर. कीर्तनकार गेला तरी कीर्तन राहते. तेव्हा साधक-नायकालाही टिकण्याचा मार्ग आहे, तो पुनर्जननाचा नसून दीक्षेचा आहे. शक्तिमानने कुंडलिनीची विद्या कुणाला तरी दिली असती, नवा साधक चुकत-माकत शिकताना आपण पाहिला असता, तर कथेच्या नियमांना जराही बाध न येता नायक पुढे चालला असता. मुलांना इतक्या ‘मोट्या बाता’ शिकवणाऱ्या या नायकाला त्या मुलांतूनच एक शिष्य निवडता आला नाही, ही त्या मालिकेची खरी उणीव होय.

मराठीकडे पाहिले तर आपल्याला या बाबतीत बढाई मारण्यासारखे थोडेच आहे. मराठी विज्ञानकथा समृद्ध आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत १९७४ साली जयंत नारळीकरांनी टोपणनावाने पाठवलेली ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. पुढे बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर यांनी हा प्रवाह वाढवला. पण या कथांत नायक असते ती कल्पना. माणूस कथेपुरता येतो आणि कथेबरोबर जातो. मुलांनी ज्याच्या पुढच्या साहसाची वाट पाहावी असा दीर्घजीवी विज्ञाननायक आपण घडवला नाही. साहसकथेत भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मात्र आहे. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर सुमीत राघवन तो झाला, २०१७ च्या चित्रपटात अमेय वाघ. भागवत २००१ मध्ये गेले, तरी फेणे सायकलवरून उतरला नाही. त्याला दुसऱ्या देहात पाहून फुरसुंगीच्या त्या पोरावरचे आपले प्रेम कमी झाले नाही. म्हणजे मराठी वाचकाला हे मानवते.

हा केवळ मनोरंजनाच्या इतिहासाचा प्रश्न नाही. एक पिढी आपल्या बालपणीच्या नायकावर इतके प्रेम करते की तो दुसऱ्या कुणाचा होऊ नये असे तिला वाटू लागते. आमच्या वेळचे खरे, आताचे नकली, हे वाक्य आपण शिक्षक वर्गातही उच्चारतो. कधी कवींविषयी, कधी कीर्तनाविषयी, कधी वऱ्हाडी बोलीविषयी. स्मरण हे प्रेमाचे लक्षण आहे, यात शंका नाही. पण म्हाइंभटांनी आठवणी गोळा केल्या त्या स्वतःजवळ ठेवण्यासाठी नव्हेत. त्या लिहिल्या, त्या हरवल्या, इतरांनी त्या आपापल्या शब्दांत पुन्हा सांगितल्या. पाठभेद झाले, आणि त्या पाठभेदांसकट ग्रंथ आपल्यापर्यंत आला. शुद्ध एकच पाठ हवा असा हट्ट त्या वेळी कुणी धरला असता, तर कदाचित कोणताच पाठ उरला नसता. शक्तिमानलाही आज नव्या पोशाखापेक्षा अशा पाठभेदांचीच अधिक गरज आहे.